आइन्स्टाइन कोणत्या देशाचे?

सापेक्षतेवरचे व्याख्यान संपले की शिक्षकांकडून बहुधा घड्याळांबद्दल आणि आगगाड्यांबद्दल प्रश्न येतात. एकदा मात्र एका बाईंनी वेगळाच प्रश्न विचारला. ‘एका पुस्तकात आइन्स्टाइन जर्मन शास्त्रज्ञ आहेत, दुसऱ्यात अमेरिकन. वर्गातला एक मुलगा म्हणतो, ते स्विस होते. रिकाम्या जागा भरताना गुण कोणाला द्यायचे?’ सभागृहात हशा पिकला. ‘तिघांनाही द्या’ असे म्हणून मी वेळ मारून नेली. पुढे वाचायला बसलो तेव्हा कळले की १९२२ साली स्वीडनमधल्या जर्मन राजदूतालाही हाच प्रश्न पडला होता, आणि त्याला तो हसण्यावारी नेता आला नव्हता.

सुरुवातीपासून पाहू. १४ मार्च १८७९ रोजी उल्म गावी अल्बर्टचा जन्म झाला. त्या काळच्या जर्मन साम्राज्यात नागरिकत्व घटक राज्यातून मिळे. अल्बर्टला ते व्युर्टेम्बर्ग राज्याचे मिळाले. १८९४ मध्ये वडिलांचा म्युनिकमधला विजेच्या यंत्रांचा धंदा बसला आणि कुटुंब इटलीत गेले. मुलाला शाळा पुरी करण्यासाठी मागे ठेवले होते, पण तिथल्या लष्करी शिस्तीला कंटाळून तो वर्षअखेरीस इटलीला निघून आला. त्याच्या डोक्यात आणखी एक हिशोब होता. वयाची सतरा वर्षे पुरी झाली की जर्मन मुलाला सक्तीच्या सैनिकी सेवेचे बंधन लागू होई, आणि त्यानंतर देशाबाहेर राहणारा फरारी ठरू शके. मुलगा अज्ञान असल्याने वडिलांनी अर्ज केला. २८ जानेवारी १८९६ रोजी, म्हणजे सतरावा वाढदिवस दीड महिन्यावर आलेला असताना, त्याला नागरिकत्वातून मुक्त केल्याचा कागद मिळाला. शुल्क होते तीन मार्क.

पुढची पाच वर्षे तो कोणत्याच देशाचा नव्हता. या पाच वर्षांत त्याने आराऊची शाळा संपवली आणि झुरिचच्या पॉलिटेक्निकची पदवी घेतली. अर्जावर नागरिकत्वाचा रकाना आला की ‘जर्मन आईवडिलांचा मुलगा’ एवढेच लिहायचे.

स्विस नागरिकत्व मिळवायचे त्याने विद्यार्थी असतानाच ठरवले होते. घरून महिना शंभर फ्रँक येत. त्यांतले वीस तो नागरिकत्वाच्या शुल्कासाठी बाजूला टाकी. पोटाला चिमटा घेऊन विद्यार्थी पुस्तके घेतात हे आपण जाणतो, इथे देश घेण्यासाठी बचत चालली होती. स्वित्झर्लंडमध्ये नगरपालिका, कँटन आणि संघराज्य अशा तीन पायऱ्या चढल्याशिवाय माणूस नागरिक होत नाही. १८९९ मध्ये अर्ज केल्यावर नगरपालिकेने त्याच्या चालचलणुकीची चौकशी केली, दारूच्या सवयीचीसुद्धा. २१ फेब्रुवारी १९०१ रोजी नागरिकत्व मिळाले. लगेच मार्चमध्ये स्विस सैन्याने वैद्यकीय तपासणीला बोलावले आणि सपाट तळपाय व फुगलेल्या शिरा या कारणांसाठी नापास केले. जर्मन लष्कर टाळणाऱ्या या तरुणाने स्विस लष्कराचे बोलावणे टाळले नव्हते, हे मला महत्त्वाचे वाटते.

या कागदाचे मोल लवकरच कळले. पदवीनंतर विद्यापीठांनी त्याला दारात उभे केले नाही. १९०२ च्या जूनमध्ये बर्नच्या पेटंट कार्यालयात तृतीय श्रेणी तंत्रज्ञाची जागा मिळाली, वर्षाला ३५०० फ्रँक पगाराची. ही संघराज्याची सरकारी नोकरी होती आणि नागरिकाला तिचा मार्ग मोकळा होता. १९०५ चे शोधनिबंध याच नोकरीत असताना लिहिले गेले.

१९११ मध्ये आइन्स्टाइन प्राग येथे प्राध्यापक झाले. तिथे ऑस्ट्रियाच्या सम्राटाशी निष्ठेची शपथ होती, आणि शपथेसाठी तलवारीसह गणवेशही होता. जागेबरोबर ऑस्ट्रियन नागरिकत्वही आले. दीड वर्षाच्या आत ते झुरिचला परतले आणि गणवेश आपल्या जागी आलेल्या फिलिप फ्रांक यांच्या हवाली केला.

१९१४ मध्ये प्रशियाच्या विज्ञान अकादमीने बर्लिनला बोलावले, तेव्हा ‘मी स्विसच राहीन’ अशी त्यांची अट होती. तिचा उपयोग महायुद्धात झाला. आसपासचे नामवंत युद्धाच्या बाजूने जाहीरनामे काढत असताना ते विरोधी पत्रकावर सही करू शकले. विचार त्यांचे स्वतःचे होते हे खरेच, पण खिशातल्या स्विस पासपोर्टचा आधार नव्हता असे म्हणवत नाही.

१९१९ च्या ग्रहणातील निरीक्षणांनी व्यापक सापेक्षतेला पुष्टी दिली आणि आइन्स्टाइन जगप्रसिद्ध झाले. त्यांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये तेव्हा विनोदाने लिहिले होते, त्याचा आशय असा: आज जर्मनीत मला जर्मन म्हणतात आणि इंग्लंडमध्ये स्विस ज्यू. उद्या मी नकोसा झालो की हे उलटे होईल, जर्मन मला स्विस ज्यू म्हणतील आणि इंग्रज जर्मन म्हणतील.

नोव्हेंबर १९२२ मध्ये १९२१ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना जाहीर झाले तेव्हा ते जहाजाने जपानला निघाले होते. विजेता गैरहजर असेल तर त्याच्या देशाच्या वकिलाने पारितोषिक घ्यायचे. पण देश कोणता? जर्मन राजदूत नाडोल्नी यांनी बर्लिनला विचारले. अकादमीने कळवले, ‘जर्मन’. परराष्ट्र खात्याची समजूत ‘स्विस’ अशी होती. १० डिसेंबरला नाडोल्नी यांनीच पारितोषिक स्वीकारले आणि भाषणात स्वित्झर्लंडचाही आदराने उल्लेख करून बाजू सांभाळली. नंतर अकादमीने कायद्याचा अर्थ लावला. अकादमीचा सभासद सरकारी नोकर असतो, सरकारी नोकर जर्मन नागरिक असतो, शिवाय आइन्स्टाइन यांनी १९२० व १९२१ मध्ये राज्यघटनेच्या शपथा घेतल्या आहेत, म्हणून ते जर्मन. १९२४ च्या फेब्रुवारीत त्यांनी हे लेखी मान्य केले. सतराव्या वर्षाआधी तीन मार्क भरून सोडलेले नागरिकत्व असे मागल्या दाराने परत आले. स्विस नागरिकत्व मात्र त्यांनी सोडले नाही.

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर सत्तेवर आला तेव्हा आइन्स्टाइन अमेरिकेत होते. मार्चअखेर ते बेल्जियमला उतरले, ब्रसेल्सच्या जर्मन वकिलातीत पासपोर्ट परत केला, अकादमीचा राजीनामा दिला आणि नागरिकत्वातून मुक्त होण्यासाठी अर्ज केला. सरकारला तो अर्ज मंजूर करायचा नव्हता, नागरिकत्व हिसकावून घेतल्याचे दाखवायचे होते. २४ मार्च १९३४ रोजी तसे जाहीर झाले. यात त्यांचे धन गेले, घर गेले, पण ते बिनदेशी झाले नाहीत. १९०१ चा स्विस कागद कामी आला.

असा कागद नसला तर काय होते, ते लीझे माइटनर यांच्याकडे पाहून समजते. बर्लिनमध्ये ओटो हान यांच्याबरोबर काम करणाऱ्या या भौतिकीतज्ज्ञ बाई ऑस्ट्रियन नागरिक होत्या, म्हणून ज्यू असूनही १९३३ नंतर काही काळ टिकून राहिल्या. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रियाच गिळला. पासपोर्ट देणारा देशच उरला नाही. नवा पासपोर्ट मिळेना, आणि नामांकित ज्यूंनी बाहेर जाणे इष्ट नाही, असे सरकारने कळवले. १३ जुलै १९३८ रोजी डच शास्त्रज्ञ डर्क कोस्टर यांनी त्यांना आगगाडीने हद्दीपलीकडे नेले. अडचणीला असावी म्हणून हान यांनी आपल्या आईची हिऱ्याची अंगठी त्यांना दिली होती. युरेनियमचे केंद्रक फुटते याचा उलगडा त्यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस, भाचे ओटो फ्रिश यांच्याबरोबर, स्वीडनमध्ये केला. स्वीडनचे नागरिकत्व त्यांना १९४९ मध्ये मिळाले.

आइन्स्टाइन १७ ऑक्टोबर १९३३ रोजी न्यूयॉर्कला उतरले ते पाहुण्याच्या व्हिसावर. १९३४ मध्ये त्यांना थेट नागरिकत्व देण्याचा ठराव अमेरिकी संसदेत मांडला गेला, पण तो पार पडला नाही. मग तेही इतरांच्या रांगेत उभे राहिले. कायम वास्तव्याचा व्हिसा देशाबाहेरच्या वकिलातीतूनच मिळे, म्हणून मे १९३५ मध्ये जगातला सर्वांत प्रसिद्ध शास्त्रज्ञ बर्म्युडा बेटावर जाऊन अर्ज करून आला. १९३६ मध्ये त्यांनी नागरिक होण्याचा इरादा नोंदवला आणि १ ऑक्टोबर १९४० रोजी ट्रेंटन येथे शपथ घेतली.

अमेरिकन झाल्यावरही ते स्विस राहिले. आपल्या वाचकांना हे विचित्र वाटेल, कारण राज्यघटनेच्या नवव्या अनुच्छेदानुसार आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार, स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते. चंद्रशेखर १९५३ मध्ये आणि हरगोबिंद खुराना १९६६ मध्ये अमेरिकन नागरिक झाले, ते या दाराने. १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळू शकते. त्यामुळे ही अवघड निवड गोव्यातल्या कितीतरी घरांना ओळखीची आहे.

नवा देश मिळाला म्हणून नवा विश्वास मिळतोच असे नाही. नागरिकत्व मिळण्याआधी, जुलै १९४० मध्ये, अमेरिकी लष्कराने गुप्त कामासाठी आइन्स्टाइन यांना परवाना नाकारला होता. १९५० मध्ये संघीय गुप्तचर खात्याने त्यांचे नागरिकत्व काढून घेता येईल का, याची चौकशी सुरू केली. त्यांच्यावरची धारिका चौदाशेहून अधिक पानांची झाली.

१९५२ मध्ये इस्रायलने त्यांना राष्ट्राध्यक्षपद देऊ केले. पद स्वीकारले तर इस्रायलमध्ये राहावे लागेल आणि तिथले नागरिकत्व घ्यावे लागेल, असे राजदूत अब्बा एबन यांच्या पत्रात होते. आइन्स्टाइन यांनी नम्रपणे नकार दिला. १८ एप्रिल १९५५ रोजी प्रिन्स्टनला त्यांचे निधन झाले तेव्हा ते अमेरिकेचे आणि स्वित्झर्लंडचे नागरिक होते.

त्या बाईंना मी पुढे पत्र लिहिले. रिकाम्या जागेत साल घाला, म्हणजे एकच उत्तर राहील, असे सुचवणार होतो. मग लक्षात आले की १९२२ घातले तर तेही जमत नाही. तेव्हा १९०० घाला, असे कळवले. त्या वर्षी जागा रिकामीच सोडणाऱ्या मुलाला पूर्ण गुण द्यावे लागतील.