कापूर, मेण आणि नायट्रेटची फिल्म

प्लास्टिकचा डबा गरम पाण्यानं वाकडा झाला की आपण म्हणतो, माल हलका निघाला. पण थोडं मागे जाऊन बघू या. उष्णतेनं मऊ व्हावं, म्हणूनच तर हा पदार्थ घडवला गेला.

1870 साली अमेरिकेत जॉन वेस्ली हायट यांनी सेल्युलॉइडच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंताला पर्याय शोधायची ही खटपट. कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची क्रिया केली की नायट्रोसेल्युलोज मिळतो. त्यात त्यांनी कापूर घातला. हो, आपल्या आरतीच्या तबकातलाच! कापराचे रेणू त्या लांब साखळ्यांमध्ये शिरतात आणि साखळ्यांची एकमेकींवरची पकड सैल करतात. गरम केलं की साखळ्या सरकतात, गार झालं की आहेत तिथं थांबतात. नखांचं पॉलिश काढायचं ॲसिटोन तर त्यांना उष्णतेशिवायच सुट्या करतं. सिनेमाचे संकलक फिल्मच्या कडा अशाच द्रवानं विरघळवून जोडायचे. द्रव उडाला की सांधा पक्का.

3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला, तो याच जातीच्या पट्टीवर. आणि इथं आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना देकार्तचं मेण आठवतं. 1641 मध्ये तो म्हणाला, विस्तवाजवळ नेलं की मेणाचा वास, रंग, आकार सगळं जातं, तरी मेण तेच राहतं. फणीसाठी मऊ केलेल्या सेल्युलॉइडला हे लागू पडतं. सडणाऱ्या फिल्मला नाही. तिथं साखळ्या सरकत नाहीत, तुटतात.

उष्ण, दमट हवेत नायट्रेटमधून नायट्रोजनची ऑक्साइडं सुटतात, ओलाव्यात त्यांचं आम्ल होतं, आणि ते आम्ल उरलेली पट्टी आणखी वेगानं खातं. चित्र फिकं पडतं, रीळ चिकटतं, त्याचा गठ्ठा होतो, शेवटी तपकिरी भुकटी. मध्येच पेटलं, तर पाण्याखालीही जळत राहतं. ऑक्सिजन त्याच्या पोटातच असतो ना!

मुंबईच्या हवेत हे सगळं घडायला वेळ भरपूर होता. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं ते 1964 साली, फाळक्यांनंतर अर्ध्या शतकानं. तोवर कितीतरी रिळं त्यातल्या चांदीसाठी भंगारात गेली होती. जानेवारी 2003 मध्ये पुण्यातच साठवलेल्या नायट्रेट फिल्म्सना आग लागली. 1931 च्या 'आलम आरा'ची, आपल्या पहिल्या बोलपटाची, आज एकही प्रत उपलब्ध नाही. छायाचित्रं आणि जाहिराती तेवढ्या आहेत, त्या कागदावर होत्या म्हणून.