जरी कापसाचा माग

तेल्हाऱ्याच्या कापूस बाजारात गाडी उभी राहिली की व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात घालून आतला कापूस उपसतो. सरकी बाजूला करतो आणि चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांखाली दाबून हळूच ओढतो. तुटलेले पुंजके एकावर एक ठेवून पुन्हा ओढतो. शेवटी बोटांत तंतूंची झिरझिरीत झालर उरते. तिची लांबी म्हणजे धागा, आणि धाग्यावर भाव. पऱ्हाटीवाल्याचं अख्खं वर्ष त्या अर्ध्या मिनिटात ठरतं.

आज मान आहे लांब धाग्याला. शंभर वर्षांपूर्वी मात्र वऱ्हाडातला आखूड, खरबरीत कापूस हातोहात खपत होता, आणि तो विकत घेणारं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं जपान. या गिऱ्हाइकाचं मूळ शोधत गेलं तर आपण थेट सामुराईंच्या छावणीत पोचतो.

जपानमध्ये कापूस रुजला तो लढायांच्या काळात. पंधराव्या-सोळाव्या शतकांत सरदार एकमेकांशी झुंजत होते. शिपायांना तागापेक्षा उबदार कपडा हवा होता, गलबतांना शिडं हवी होती. 1543 मध्ये पोर्तुगिजांबरोबर तोड्याची बंदूक आली, तेव्हा तिच्या तोड्यासाठीही सूत लागू लागलं. पुढे 1588 मध्ये जपानचा सत्ताधीश हिदेयोशीनं शेतकऱ्यांच्या तलवारी काढून घेतल्या. कारण सांगितलं ते असं, की या लोखंडातून महाबुद्धाच्या मंदिराचे खिळे घडतील. 1603 पासून तोकुगावा घराण्याच्या राजवटीची अडीचशेहून अधिक वर्षांची शांतता आली आणि ओसाकाच्या आसपास शेतकरी कापूस पिकवू लागले.

तलवारीकडून चातीकडे वळायला सुरुवात केली तीही सरदारांनीच. दक्षिण जपानातल्या सात्सुमा प्रांताच्या शिमाझु घराण्यानं 1867 मध्ये कागोशिमाला इंग्लंडहून यंत्रं आणून सूतगिरणी उभारली. पुढच्याच वर्षी तोकुगावांची सत्ता गेली. 1873 मध्ये सक्तीची लष्करभरती आली, 1876 मध्ये कमरेला तलवार लावायला बंदी झाली आणि सामुराईंचे तनखेही संपले. 1877 मध्ये सात्सुमाचे सामुराई बंड करून उठले, तेव्हा त्यांना मोडून काढलं ते भरतीत आलेल्या शेतकऱ्यांच्या पोरांनी.

शिबुसावा एइइची हा शेतकऱ्याचा मुलगा. तोकुगावांच्या चाकरीत तो सामुराई झाला होता. त्याच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या ओसाकाच्या गिरणीत 1883 मध्ये 10,500 चात्या फिरू लागल्या. खेड्यापाड्यांतून आणलेल्या मुली तिथे रात्रपाळीलाही राबत. जाडं सूत काढायला लांब धाग्याची चैन नको होती. स्वस्त रुई हवी होती, आणि तीही ढिगानं.

ती वऱ्हाडात होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं 1861 ते 1865 मध्ये इथल्या कापसाला सोन्याचा भाव दाखवला होता. 1867 मध्ये अकोल्यावरून नागपूरपर्यंत रेल्वे पोचली. सातपुड्याच्या पायथ्याचा कापूस बैलगाड्यांतून रुळापर्यंत जाऊ लागला. परदेशी बाजारात या मालाला अमरावतीवरून ‘ऊमरा’ म्हणत. वऱ्हाडात तेव्हा दोन जाती प्रसिद्ध होत्या. बनीचा धागा लांब आणि रेशमी, पण पीक कमी. जरी आखूड आणि भरड, पण काटक, उतारा जास्त. घरात चार पैसे जास्त येतात म्हटल्यावर शेतकऱ्यानं जरीच पेरली.

मधली अडचण होती जहाजभाड्याची. मुंबई आणि पूर्वेच्या बंदरांमधली वाहतूक ब्रिटिश कंपनीच्या मुठीत होती. 1893 मध्ये जमशेटजी टाटांच्या साथीनं निप्पॉन युसेन काइशा या जपानी जहाज कंपनीनं कोबे-मुंबई फेरी सुरू केली. ब्रिटिश कंपनीनं भाडी पाडून पाहिली, तरी जपानी गिरणीमालकांनी आपला माल याच जहाजांना द्यायचं कबूल केल्यामुळे फेरी टिकली. 1896 मध्ये जपाननं रुईवरचं आयात शुल्कच काढून टाकलं. आखूड भारतीय रुईत लांब अमेरिकी रुई बेतानं मिसळून सूत काढण्यात त्यांचे कारागीर तरबेज झाले. जपानी कंपन्यांनी मुंबईत कचेऱ्या थाटल्या आणि त्यांची खरेदी थेट आतल्या बाजारांपर्यंत पोचली.

या नात्याचा पीळ 1933 मध्ये दिसला. भारत सरकारनं ब्रिटनबाहेरच्या कापडावर 75 टक्के जकात बसवली. जपानी गिरण्यांनी उत्तरादाखल भारतीय रुईवरच बहिष्कार घातला. झळ बसली ती वऱ्हाडासारख्या आखूड धाग्याच्या मुलखांना. 1934 मध्ये करार झाला: जपाननं वर्षाला 10 लाख गाठी घ्याव्यात आणि भारतात 32.5 कोटी यार्ड कापड विकावं. गाठी 15 लाख झाल्या तर 40 कोटी यार्ड.

करार झाला, पण गिऱ्हाईक बदलत चाललं होतं. 1937 मध्ये चीनशी युद्ध पेटलं आणि जपानचं परकी चलन तेल-लोखंडाकडे वळलं. जुलै 1941 मध्ये ब्रिटिश साम्राज्यात जपानची मालमत्ता गोठवली गेली, डिसेंबरात युद्धच सुरू झालं. इकडे आखूड धाग्याला वाली उरला नाही आणि ‘कापूस कमी करा, धान्य पेरा’ असा सरकारी उपदेश सुरू झाला. तिकडे एक कोटीहून अधिक चात्यांपैकी बहुतेक मोडीत निघाल्या. त्यांचं लोखंड युद्धाच्या भट्टीत गेलं. 1945 मध्ये शरणागती आली तेव्हा चालू शकतील अशा वीसेक लाखच उरल्या होत्या. हिदेयोशीनं हत्यारांचे खिळे करतो म्हणून सांगितलं होतं. साडेतीनशे वर्षांनी त्याच्या देशानं चात्यांची हत्यारं केली.

जरीच्या गोतातला देशी कापूस अजून पुरता संपलेला नाही. त्याचा आखूड, जाड तंतू पाणी पटकन शोषतो, म्हणून आता त्याला मागणी आहे ती दवाखान्यातल्या कापसासाठी. एकेकाळी ओसाकाच्या चात्यांवर चढणारा हा धागा आता जखमेवरचं रक्त टिपतो.