हुसेनसागराचा गाळ

सातव्या निजामाचे ज्येष्ठ पुत्र हिमायत अली खान यांच्या नावाने वसलेल्या हैदराबादमधील हिमायतनगराचे भवितव्य वरच्या अंगाच्या हुसेनसागराशी जखडलेले आहे. कारण त्या तलावाच्या सांडव्याचे पाणी मुसी नदीकडे नेणारा नाला याच परिसराच्या कडेने वाहतो.

इब्राहीम कुतुबशाहाच्या अंमलात, 1562 च्या सुमारास, हुसेनशाह वली यांच्या देखरेखीखाली हा तलाव बांधला गेला आणि मुसीचे पाणी कालव्याने आणून तो भरण्यात आला. त्या काळी दख्खनच्या तलावांतील गाळ उन्हाळ्यात गाड्या भरभरून शेतांत जाई व खताइतका मोलाचा समजला जाई. पुढे 28 सप्टेंबर 1908 च्या मुसीच्या महापुराने शहर उद्ध्वस्त केल्यावर अभियंते विश्वेश्वरय्या यांच्या सल्ल्याने पुराच्या बंदोबस्ताची योजना आखली गेली, 1920 मध्ये उस्मानसागर व 1927 मध्ये हिमायतसागर हे जलाशय पुरे झाले, आणि पिण्याच्या पाण्याचा भार जुन्या तलावावरून उतरला. माझ्या मते त्याची खरी हेळसांड तेव्हापासून सुरू झाली. ज्या पाण्याचा घोट आपल्याला घ्यायचा नाही, त्याची चौकशी रयतही करीत नाही आणि सरकारही करीत नाही.

बालानगर, सनतनगर व जीडिमेटला येथील कारखान्यांची घाण कुकटपल्ली नाल्याने तलावात येऊ लागली, तेव्हा शिसे, जस्त, क्रोमियम यांसारख्या धातूंनी तळाच्या बारीक गाळाचा आश्रय घेतला. म्हणूनच वरचे पाणी तपासून स्वच्छतेचा दाखला देणे व्यर्थ आहे. तळात नळी खुपसून गाळाचा उभा स्तंभ जसाच्या तसा वर काढावा, बोटभर जाडीच्या चकत्या कापून प्रत्येक चकती प्रयोगशाळेत तपासावी, म्हणजे कोणत्या काळात काय साचले याचे जणू दप्तरच उलगडते. मात्र सडक्या अंड्यांचा दर्प सोडणाऱ्या त्या काळ्या चिखलात गंधकाशी बांधले गेलेले धातू, गाळ ढवळून त्याला हवा लागताच, सुटून पुन्हा पाण्यात उतरू शकतात. गाळ उपसताना ही दक्षता सुटली, तर स्वच्छतेच्या नावाखाली खालच्या नाल्यात विष सोडल्यासारखेच होईल.

2006 मध्ये जपानी कर्जाच्या साहाय्याने हाती घेतलेल्या सुधारणा प्रकल्पात नाल्यांच्या मुखांशी साचलेला गाळ उपसण्याचे काम होते, आणि ते योग्यच होते. परंतु नाल्यांतून घाण येतच राहिली, तर आज रिकामी केलेली जागा काही पावसाळ्यांतच पुन्हा भरते. धोका खालच्या अंगालाही आहे: 2000 च्या ऑगस्टातील अतिवृष्टीत सांडव्याचा नाला पात्र सोडून काठच्या वस्त्यांत शिरला होता. अशा पाण्याबरोबर तळचा गाळही उंबरठ्याशी येतो.

म्हणून हिमायतनगरच्या रहिवाशांनी पालिकेकडे आग्रहाने मागावे की, तलावाच्या व नाल्याच्या गाळाची तपासणी दरवर्षी, ठरलेल्या त्याच ठिकाणी व्हावी, आणि तिचे आकडे सर्वांना वाचता येतील असे जाहीर व्हावेत.