रेषेत जपलेला गाव

व्यंगचित्र म्हणजे टवाळी, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. युरोपचा इतिहास तिला काहीसा दुजोराही देतो. ओनोरे दोमिए या फ्रेंच चित्रकाराने छपाईच्या दगडावर मेणाच्या काळ्या खडूने राजा लुई फिलिप याला अधाशी राक्षसाच्या रूपात रंगविले आणि १८३२ साली त्यापायी तुरुंगवास भोगला. त्या जाड, काळ्या खडूत संताप होता. मारिओ मिरांडा यांच्या शाईच्या बारीक रेषेत मात्र आपुलकी होती.

मारिओंचा जन्म २ मे १९२६ रोजी दमण येथे झाला. घर सासष्टीतील लोटली गावचे. लहानपणी ते घराच्या भिंतींवर रेघोट्या ओढीत. आईने रागे न भरता त्यांच्या हाती कोरी वही दिली. त्यातूनच त्यांच्या सचित्र रोजनिश्यांचा उगम झाला. शाळेत धर्मगुरूंची चित्रे काढल्याबद्दल त्यांना बोलणीही खावी लागली. पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी इतिहास विषय घेऊन पदवी मिळविली.

हा इतिहासाचा धागा महत्त्वाचा आहे. १९४९, १९५० आणि १९५१ सालच्या त्यांच्या रोजनिश्या पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. गोवा तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होता. तो १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला. त्या काळचे सरकारी हुकूम दप्तरांत मिळतात. धर्मग्रामाच्या नोंदवह्यांत बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या तारखा सापडतात. परंतु त्या तारखांच्या मधला माणूस, त्याचा तोरा, त्याची गप्पांची हौस, कोणत्या वहीत शोधावी? ती मारिओंच्या रेषेत सापडते.

'करंट', 'इलस्ट्रेटेड वीकली' आणि 'टाइम्स ऑफ इंडिया' यांतून ही रेषा घरोघरी पोहोचली. मिस निंबूपानी, मिस फोन्सेका ही पात्रे वाचकांच्या ओळखीची झाली. गुलबेंकियन प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीवर ते पोर्तुगालला गेले, नंतर लंडनमध्ये राहिले; तरी लोटलीची ओढ सुटली नाही. मुंबईत कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंतींवर त्यांची चित्रे आहेत. भिंतीवर रेघोट्या ओढणाऱ्या मुलाला पुढे अशा भिंती सन्मानाने मिळाल्या.

११ डिसेंबर २०११ रोजी लोटलीच्या घरीच त्यांचे निधन झाले. त्यांच्याच इच्छेनुसार मडगाव येथे दहनसंस्कार झाला. २०१२ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

आपल्या माणसांचे हसू करणे सोपे. त्यांच्यासह हसणे कठीण. त्यासाठी त्यांच्यातच राहावे लागते. आपल्या घरातले एखादे मूल भिंतीवर रेघोट्या ओढू लागले, तर त्याच्याही हाती एक कोरी वही द्यावी.