बैलाचा रंग आणि घोड्याचे नाव

देवणीकडच्या जाणत्या शेतकऱ्याला बैलाचा रंग विचारा. 'काळा-पांढरा' असे मोघम उत्तर तो देणार नाही. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असले तर तो शेवरा. अंग पांढरे आणि तोंडाच्या बाजू काळ्या, तर वानेरा. सर्वांग पांढरे, तर बाळंक्या. देवणी जातीचे हे तीन प्रकार पशुवैद्यकाच्या पुस्तकांतही याच नावांनी येतात.

प्राचीन ग्रीकांची रीतही अशीच होती. होमरच्या 'इलियड' या महाकाव्यात अकिलीज नावाच्या वीराच्या रथाला दोन अमर घोडे आहेत, झँथोस आणि बॅलिओस. नावे भारदस्त खरी, पण अर्थ तबेल्यातलाच! झँथोस म्हणजे पिंगट-सोनेरी आणि बॅलिओस म्हणजे ठिपकेवाला, आपला शेवराच म्हणा ना. हेरा देवीने झँथोसला वाचा दिली आणि त्या मुक्या जनावराने धन्याला सांगितले, 'तुझे मरण जवळ आले आहे.'

हाच शब्द आज आपल्या शाळेतही आहे. पिकल्या पानातल्या पिवळ्या द्रव्याला बर्झेलियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८३७ साली 'झँथोफिल' म्हटले. फिल म्हणजे पान.

आपल्याकडे असाच प्रवास 'कपिल' शब्दाने केला. कपी म्हणजे माकड. माकडाच्या रंगाचा तो कपिल. पिंगट गाय ती कपिला. सगर राजाच्या साठ हजार पुत्रांना भस्म करणारे मुनीही कपिलच. भाद्रपद वद्य षष्ठीला मंगळवार, रोहिणी नक्षत्र आणि व्यतीपात असे योग जुळले की कपिलाषष्ठी येते. ती येते क्वचित. म्हणून बऱ्याच वर्षांनी कुणी भेटले की आपण म्हणतो, 'कपिलाषष्ठीचा योग आला!'

झँथोस काव्यात गेला, कपिल पुराणात गेला, म्हणून दोन्ही शब्द टिकले. शेवऱ्याला मात्र दावणीचाच आधार. ट्रॅक्टर आले, बैलजोड्या घटल्या. दावण रिकामी झाली की तिथला शब्दही उठून जातो. जातीचे नाव पुस्तकात राहील; पण शिंगांची, शेपटीची, चालीची जी शेकडो नावे जाणत्यांच्या तोंडी आहेत, त्यांचे काय?

तेव्हा गुरुजी, येत्या पोळ्याला मुलांच्या हाती वही द्या आणि त्यांना घरच्या म्हाताऱ्यांकडे पाठवा. एकेका गावाने पन्नास शब्द जरी लिहून ठेवले, तरी ते पुढच्या पिढीचे धन होईल.