बर्फावरचे विजय आणि वहीतला हिशेब

वैशाखातल्या तापलेल्या संध्याकाळी बर्फाची गोष्ट सांगावयास बसणे म्हणजे श्रोत्यांची थोडीशी थट्टा केल्यासारखेच होईल. परंतु वसंतातल्या व्याख्यानांची रीतच अशी आहे, की घरच्या अंगणात बसून दूरची माणसे पाहावीत आणि परत येताना आपल्याच घराविषयी काही उमजावे. हॉकी म्हटले की आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे हिरवे मैदान आणि ध्यानचंद उभे राहतात. आज ज्या हॉकीविषयी लिहावयाचे, तीत मैदानाच्या जागी गोठवलेले पाणी असते, चेंडूच्या जागी रबराची चपटी चकती असते, आणि सहा-सहा खेळाडू पायांत धारदार पात्यांचे बूट घालून एकमेकांशी झुंजतात. या खेळातील एका स्त्री-मार्गदर्शकाची कारकीर्द आम्ही निवडली आहे. त्यांचे नाव शॅनन मिलर.

हा खेळ स्त्रियांना नवा होता असे नाही. कॅनडाचे गव्हर्नर-जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांच्या नावाचा चषक जगप्रसिद्ध आहे. त्यांची कन्या इझोबेल १८९० च्या सुमारास ऑटावात बर्फावर हॉकी खेळत असे, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. म्हणजे बाप चषक देऊन अमर झाला, आणि लेकीच्या खेळाला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा मिळावयास १९९० साल उजाडावे लागले. तीही ऑटावातच भरली. तेथे कॅनडाच्या संघाला गुलाबी अंगरखे घालून उतरवण्यात आले. खेळ लोकांच्या नजरेत भरावा म्हणून केलेली ती युक्ती होती. स्त्रियांच्या खेळाकडे नुसता खेळ म्हणून पाहण्याची सवय प्रेक्षकांना अजून लागावयाची होती, हेही तिच्यावरून कळते.

मिलरबाईंचा जन्म कॅनडातील सस्कॅचवान प्रांतातल्या मेलफर्ट या लहान गावचा. पुढे त्या कॅलगरी शहरात पोलिस खात्यात नोकरीला होत्या. हॉकी शिकवून पोट भरेल असे पद त्या काळी स्त्रीसाठी जवळजवळ नव्हतेच. तेव्हा चरितार्थासाठी गणवेश आणि हौसेसाठी बर्फ, अशी वाटणी करणे ओघानेच आले. राष्ट्रीय संघाच्या साहाय्यक मार्गदर्शक म्हणून त्यांनी प्रथम उमेदवारी केली आणि मग प्रमुखपद त्यांच्याकडे आले. १९९७ साली कॅनडाने त्यांच्या हाताखाली जागतिक अजिंक्यपद मिळवले. पुढच्याच वर्षी जपानमधील नागानो येथे स्त्रियांची आइस हॉकी ऑलिंपिकमध्ये प्रथमच खेळली जावयाची होती.

त्या वेळची एक घटना येथे सांगितलीच पाहिजे, कारण तिच्याविना ही कथा एकांगी होईल. अँजेला जेम्स ही कॅनडाच्या महिला हॉकीची त्या दशकातील सर्वांत मोठी खेळाडू. १९९० च्या त्या पहिल्या जागतिक स्पर्धेत तिने एकटीने अकरा गोल केले होते. ऑलिंपिकच्या तोंडावर मिलरबाईंनी तिला संघातून वगळले. जेम्सने वरिष्ठांकडे दाद मागितली. निर्णय कायम राहिला. पुढे २०१० साली टोरांटोच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये पहिल्यांदा स्त्रियांना स्थान मिळाले, तेव्हा त्या दोघींत एक जेम्स होती. मार्गदर्शकाच्या पदाचे हे कठोर अंग आहे. दुसऱ्याची कारकीर्द कोठे थांबवावयाची हे त्याला ठरवावे लागते, आणि ते चुकले की नाही याचा निवाडा तो स्वतः कधीच करू शकत नाही. ज्या हाताने जेम्सचे नाव यादीतून गळाले, त्याच मिलरबाईंवर सोळा-सतरा वर्षांनी तशीच वेळ यावयाची होती.

नागानोत कॅनडाला रौप्यपदक मिळाले. अंतिम सामना अमेरिकेने ३-१ असा जिंकला. ज्या देशाला या खेळातले सोने वडिलोपार्जित वाटत होते, त्याला रुपे म्हणजे पराभवच वाटला, आणि पराभवाचा धनी नेहमी मार्गदर्शक असतो. परंतु १९९८ हे वर्ष संपण्यापूर्वीच मिलरबाई सीमेपलीकडे अमेरिकेत जाऊन नव्या कामाला लागल्या होत्या.

ते काम कसे निर्माण झाले हे समजावयास एक कायदा ध्यानात घेतला पाहिजे. १९७२ साली अमेरिकेत शिक्षणविषयक कायद्यात ‘टायटल नाइन’ या नावाने प्रसिद्ध असलेले प्रकरण आले. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेने स्त्री आणि पुरुष असा भेद करू नये, एवढाच त्याचा मथितार्थ. त्यात हॉकीचे नावही नाही; पण त्याच्या जोरावर महाविद्यालयांतून मुलींचे संघ उभे राहू लागले. या ओघात मिनेसोटा विद्यापीठाच्या डुलुथ येथील शाखेने मुलींची हॉकी सुरू करावयाचे ठरवले आणि मिलरबाईंना बोलावले.

डुलुथ हे सुपीरियर सरोवराच्या पश्चिम टोकावरचे बंदर. लोखंडाच्या खाणींतून आलेला धातू येथून बोटींत भरला जातो. हिवाळा लांब आणि निष्ठुर. त्या मुलखात मुलगा चालू लागला की त्याच्या हाती हॉकीची काठी येते असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. अशा गावी खेळाची आवड पिकवावी लागत नव्हती. मुलींचा संघ मात्र मुळापासून उभा करावयाचा होता. १९९९ च्या शरद ऋतूत पहिला हंगाम सुरू व्हावयाचा होता. तोवर हाती खेळाडू नव्हत्या, परंपरा नव्हती, जुन्या विद्यार्थिनींची पुण्याई नव्हती.

मिलरबाईंपाशी एक भांडवल होते. जागतिक स्पर्धांमुळे कोणत्या देशात कोण मुलगी कशी खेळते हे त्यांना पाठ होते. त्यांनी स्वीडन आणि फिनलंडकडे दृष्टी वळवली. तेथील मुली खेळात तरबेज होत्या. त्यांना मायदेशी या खेळातून मिळकत होत नव्हती आणि इकडे शिष्यवृत्तीवर पदवी मिळणार होती. मारिया रूथ, एरिका होल्स्ट या स्वीडनहून आल्या. हान्ने सिकिओ, तूला पुपुत्ती या फिनलंडहून. कॅनडाच्या व अमेरिकेच्या मुली त्यांना येऊन मिळाल्या. पहिल्याच हंगामात या संघाने आपल्या विभागीय संघटनेचे विजेतेपद मिळवले.

२००१ साली राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडासंघाने मुलींच्या आइस हॉकीची अजिंक्यपद-स्पर्धा प्रथमच भरवली. सेंट लॉरेन्सचा ४-२ असा पराभव करून डुलुथने ती जिंकली. दुसऱ्या वर्षी ब्राउन विद्यापीठावर ३-२ ने मात केली. तिसऱ्या वर्षी, २००३ साली, अंतिम सामना डुलुथमध्येच होता आणि समोर हार्वर्ड होते. तीन-तीन अशी बरोबरी झाली, जादा वेळ सुरू झाला, तोही निकालाविना सरला. आणि दुसऱ्या जादा वेळात नोरा तालुस या फिनिश मुलीने गोल मारून सामना ४-३ असा संपवला. लागोपाठ तीन वर्षे, म्हणजे स्पर्धा सुरू झाल्यापासूनची सर्व अजिंक्यपदे, एका बंदरी गावातल्या नव्या संघाने नेली होती!

या शिकवणुकीचे फळ डुलुथपुरते राहिले नाही. २००६ सालच्या तुरीन ऑलिंपिकमध्ये स्वीडनने उपांत्य सामन्यात अमेरिकेला हरवले. तोवर स्त्रियांच्या जागतिक अंतिम सामन्यांत अमेरिका आणि कॅनडा यांच्याखेरीज तिसऱ्याला प्रवेशच नव्हता. त्या दिवशी स्वीडनसाठी दोन्ही गोल करणारी, आणि बरोबरीनंतरच्या फटक्यांत निर्णायक फटका मारणारी मुलगी होती मारिया रूथ. चार वर्षे अमेरिकेच्या महाविद्यालयात शिकून तिने त्याच देशाचे सुवर्णस्वप्न मोडले. विद्या अशीच असते. ती देणाऱ्याच्या दारात बांधून ठेवता येत नाही.

२००८ मध्ये विस्कॉन्सिनला ४-० असे हरवून चौथे अजिंक्यपद आले. २०१० मध्ये कॉर्नेलशी झालेला अंतिम सामना तिसऱ्या जादा वेळापर्यंत लांबला आणि ३-२ ने डुलुथचा झाला. स्पर्धेच्या पहिल्या दहा वर्षांत दहा अजिंक्यपदे. त्यांतली पाच मिलरबाईंची. उरलेली पाच मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या दोघांनी वाटून घेतली.

नंतरची वर्षे उताराची होती. इतर विद्यापीठांनीही पैसा ओतला, युरोपातील मुलींकडे साऱ्यांचीच नजर गेली, आणि २०११ नंतर डुलुथला राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळेना. डिसेंबर २०१४ मध्ये, हंगाम अर्ध्यावर असताना, विद्यापीठाने मिलरबाईंना कळवले की त्यांचा करार पुढे वाढवला जाणार नाही. कारण सांगितले आर्थिक टंचाईचे. त्यांचे वार्षिक वेतन दोन लाख डॉलरांच्या वर होते. मुलींच्या हॉकीत एवढे वेतन घेणारे फार थोडे होते. बाईंनी हंगाम पुरा केला आणि मग न्यायालयात धाव घेतली.

आता दोन्ही बाजू पाहू. विद्यापीठाचे म्हणणे असे, की अलीकडचे यश वेतनाच्या मानाने उणे पडते. यात तथ्य नव्हते असे कोणी म्हणणार नाही. शिवाय पुरुषांच्या सामन्यांना गर्दी अधिक होते आणि तिकिटांचा पैसा अधिक येतो, हेही खरे. मिलरबाईंची बाजू अशी, की त्याच विद्यापीठात पुरुषांच्या संघाच्या मार्गदर्शकाला त्यांच्याहून अधिक वेतन होते. तोवर त्याच्या नावावर एक राष्ट्रीय अजिंक्यपद होते, त्यांच्या नावावर पाच. काटकसरीची कात्री चालली ती मात्र एकाच टेबलावर. मुलींच्या संघाला दुय्यम वागणूक मिळते, अशा तक्रारी त्यांनी वेळोवेळी केल्या होत्या आणि त्या तक्रारींचा राग या निर्णयात होता, असेही त्यांचे म्हणणे होते. मार्च २०१८ मध्ये संघराज्य न्यायालयात ज्यूरीने दोन्ही मुद्द्यांवर निर्णय त्यांच्या बाजूने दिला आणि ३७ लाखांहून अधिक डॉलरांची भरपाई ठरवली. त्यानंतर वाद आणखी चालून २०१९ साली तडजोडीने मिटला.

आम्हांला या निकालातली रक्कम मोठी वाटत नाही. त्यातला प्रश्न मोठा वाटतो. महाविद्यालयाचा खेळ हा जर तिकीटबारीचाच व्यवहार असेल, तर विद्यापीठाचा हिशेब बरोबर आहे. पण तो शिक्षणाचा भाग असेल, तर रिकाम्या बाकांवरून शिक्षकाचे मोल ठरवता येत नाही. संस्कृतच्या वर्गात चार विद्यार्थी असतात म्हणून कोणी शास्त्रीबुवांचा पगार चौपटीने कापत नाही. कायद्याने मुलींना १९७२ साली दार उघडून दिले. त्या दारातून आत आलेल्या माणसाचे मोल त्याच मापाने मोजावयाचे, हे १९७२ च्या कायद्याला २०१८ मध्ये ज्यूरीकडून पुन्हा वदवावे लागले. जागा मिळणे आणि जागेचा मान मिळणे यांत एवढे अंतर असते.

मधल्या काळात मिलरबाईंनी कॅलिफोर्नियातील पाम स्प्रिंग्ज या वाळवंटी गावी, पेडल मारून चालवायच्या गाडीतून पर्यटकांना हिंडवण्याचा व्यवसाय केला. बर्फावर आयुष्य घालवलेल्या बाईने वाळवंटात दिवस काढावेत, हा दैवाचा विनोद म्हणावयाचा. पण २०१८ साली त्या कॅलगरीच्या व्यावसायिक महिला संघाच्या मार्गदर्शक म्हणून परतल्या आणि मार्च २०१९ मध्ये त्या संघाने क्लार्कसन चषक जिंकला. पुढच्याच काही आठवड्यांत ती संपूर्ण लीग पैशाअभावी बंद पडली. जिंकलेला संघ उरला नाही, चषक उरला.

या कथेचा एक धागा आपल्या देशापर्यंत येतो. नागानोला मिलरबाईंच्या संघात हेली विकेनहायझर नावाची एकोणीस वर्षांची मुलगी होती. पुढे ती या खेळातील सर्वश्रेष्ठ खेळाडूंत गणली गेली. जानेवारी २०१८ मध्ये ती लडाखला आली, गोठलेल्या तळ्यांवर खेळणाऱ्या तेथील मुलींबरोबर खेळली, आणि त्याच वर्षी भारतीय महिला संघ कॅलगरीला जाऊन आला. या संघातील बहुतेक मुली लडाखच्याच. २०२५ साली अल ऐन येथे झालेल्या आशिया चषक स्पर्धेत त्यांनी कांस्यपदक मिळवले.

या मुलींना उद्या मार्गदर्शक लागतील, त्यांना पगार लागेल, आणि कोणत्या तरी कचेरीत कोणी तरी वही उघडून विचारील, की एवढा खर्च कशासाठी? त्या दिवशी उत्तर देणारा माणूस आपल्याकडे तयार असावा, एवढ्याचसाठी डुलुथची ही हकीकत आम्ही या उन्हाळ्यात सांगितली.