‘वेदेम’ : एका हस्तलिखिताचे कर्तृत्व

शाळेतील मुलांनी मिळून हस्तलिखित काढण्याची प्रथा आपल्या परिचयाची आहे. लेखन मुलांचे, चित्रे मुलांची, आणि प्रत एकच. इतिहासाचे साधन म्हणून मात्र अशा हस्तलिखिताकडे आपण सहसा पाहत नाही. ही उपेक्षा योग्य नव्हे, हे ‘वेदेम’च्या उदाहरणावरून दिसून येईल.

प्रागच्या उत्तरेस असलेल्या तेरेझीन या गावी नाझी सत्तेने नोव्हेंबर १९४१ मध्ये ज्यूंची बंदिवस्ती स्थापन केली. तेथे मुलांना शिकविण्यास मनाई होती. तरीही एका जुन्या शाळेच्या इमारतीतील पहिल्या क्रमांकाच्या खोलीत ठेवलेल्या मुलांनी, वाल्टर आयसिंगर या शिक्षकाच्या प्रोत्साहनाने, डिसेंबर १९४२ मध्ये हे साप्ताहिक सुरू केले. मुले साधारणतः तेरा ते पंधरा वर्षांची होती; संपादक पेत्र गिन्झ हाही त्यांच्यापैकीच. कविता, कथा, वस्तीतील स्थळांची वर्णने आणि चित्रे यांनी अंक सिद्ध होई. आरंभीचे अंक टंकलिखित होते. पुढील हातांनी लिहावे लागले. शुक्रवारी सायंकाळी सर्वांसमक्ष त्याचे वाचन होई. अनेकांनी टोपणनावांनी लिहिले.

१९४४ मध्ये हा उपक्रम खंडित झाला. त्या खोलीत राहून गेलेल्या सुमारे शंभर मुलांपैकी पंधराच्या आसपास वाचली. गिन्झ ऑश्विट्झ येथे मारला गेला. मागे राहिलेल्या झ्देनेक टाउसिग या मुलाने सुमारे ८०० पृष्ठे लोहारशाळेत लपवून ठेविली आणि १९४५ मध्ये प्रागला नेली. त्यांतील निवडक मजकूर १९९५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

आता शीर्षकाचा विचार करू. ‘वेदेम’ म्हणजे ‘नेतो’ किंवा ‘आघाडीवर आहो’. या चेक क्रियारूपात कर्ता प्रत्ययातच सामावलेला असून तो प्रथमपुरुषी अनेकवचनी आहे. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद चेक भाषा करीत नाही. मराठी अनुवादकास तो करावाच लागतो. शुक्रवारच्या त्या वाचनात लिहिणारे आणि ऐकणारे एकच होते. तेथे ‘आपण’ हाच अर्थ यथार्थ ठरतो. आज तीच पृष्ठे आपण वाचतो तेव्हा त्या शब्दाचा अर्थ ‘आम्ही’ असा होतो, आणि आपण त्याच्या बाहेर उभे असतो. हस्तलिखिताचे खरे कर्तृत्व कोणा एका लेखकाचे नसून त्या ‘आपण’चे होते. संशोधकाने नावे अवश्य शोधावीत. परंतु ती शोधताना हा ‘आपण’ हरवू देऊ नये.